लाल मातीचा करडा

माउसवरचा हात क्षणभर बाजूला घ्या. फोटो उघडला आहे, एवढं पुरे. माथेरानचा एखादा तुमच्याकडे असेल तर उत्तम. नसेल तर मी सांगतो तो डोळ्यांपुढे आणा. लुईझा पॉइंटकडे जाणारी लाल मातीची वाट, उजव्या अंगाला जुनं जांभळाचं झाड, त्याच्या मुळांनी वाटेत आपोआप घडवलेल्या पायऱ्या, आणि कड्यापलीकडे दरी ओलांडून धूसर दिसणारा प्रबळगड. पावसाळा सरत आलेला, सकाळची वेळ. फोटो अजून रंगीत आहे. तो कृष्णधवल करायचाय, पण आज घाईचं काही काम नाही.

खोलीतला दिवा डोळ्यांवर येत असेल तर मंद करा, मात्र पूर्ण अंधार करू नका. अंधारात स्क्रीन आहे त्याहून उजळ भासतो. मग आपण फोटो गडद करत सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उजेडात तोच फोटो काजळी धरल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. फोटोशॉप असो, लाइटरूम असो, फुकट मिळणारं गिंप किंवा डार्कटेबल असो, नाहीतर मोबाइलमधलं स्नॅपसीड. बटणांची नावं थोडीफार इकडची तिकडे होतात, मागचा हिशेब तोच राहतो. ‘ऑटो’ लिहिलेलं बटण मात्र आज दिसलं तरी न दिसल्यासारखं करायचं.

आता नुसतं बघा. या चित्रात सगळ्यांत उजळ जागा कुठली? आकाश म्हणाल, पण आकाशाचा नेमका कुठला तुकडा? प्रबळच्या माथ्याला टेकलेला, की झाडाच्या फांद्यांतून डोकावणारा? आणि सगळ्यांत काळी जागा? खोडाची ढोली, की मुळाखालची फट? दोन्ही जागा सापडल्या की त्या सोडून द्या आणि वाटेकडे या. वाट लाल आहे. शेजारचं झुडूप हिरवं आहे. रंग आहेत तोवर दोघांत गल्लत होण्याची शक्यताच नाही. हा फरक सगळा रंगाचा आहे की त्यात उजेडाचाही काही वाटा आहे? डोळे किलकिले करून बघा. रंग जरा मागे हटतो आणि उजेड पुढे येतो. चित्रकार मंडळी हे रोजच करतात.

किलकिल्या डोळ्यांनी वाट आणि झुडूप एकमेकांत मिसळायला लागलं असेल, तर ते तसंच व्हायचं होतं. रंगातून करडा काढण्याचं एक रूढ सूत्र टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलं आहे. लालाचे साधारण ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घ्यायचे आणि बेरीज करायची. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत तेजस्वी वाटतो, म्हणून त्याला मोठा वाटा. आता समजा, वाटेवरच्या एका ठिपक्यात लाल १५०, हिरवा ८० आणि निळा ५५ आहे. शेजारच्या पानात लाल ८५, हिरवा ११०, निळा ५०. सूत्रात घालून बघा. माती येते ९८, पान येतं ९६. शून्यापासून २५५ पर्यंतच्या शिडीवर दोन पायऱ्यांचा फरक, जो कुणालाही दिसणार नाही. ज्या वाटेसाठी तुम्ही चालता चालता थांबलात, तीच झुडपात बुडून गेली. यात सॉफ्टवेअरची चूक नाही. त्याला लाल आणि हिरव्यातलं भांडण कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगण्याची जागा म्हणजे ‘ब्लॅक अँड व्हाइट’चं पॅनल. तिथे लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे वेगवेगळे स्लायडर असतात. चित्र आता कृष्णधवल दिसतंय, पण खाली रंग शाबूत आहेत. तुम्ही ठरवायचं ते एवढंच की कोणत्या रंगाने किती उजळ व्हावं. लालाचा स्लायडर हळूहळू उजवीकडे न्या. अगदी हळू. वाट झुडपातून वर येते, पायाखाली पसरते, मुळांच्या सावल्या तिच्यावर रेखीव होतात. झाड तसंच गडद राहतं. इथे थांबा आणि बघत राहा. मग तोच स्लायडर डावीकडे न्या आणि हिरवा थोडा वाढवा. वाट काळवंडते आणि पानं उजळतात. तीच जागा, तीच वेळ, पण पहिल्या चित्रात दुपार झाली आणि दुसऱ्यात पाऊस नुकताच पडून गेला.

दोन्हींतलं खरं कुठलं, हा प्रश्न मनात येतोच. उत्तरासाठी स्क्रीनकडे बघू नका, त्या सकाळकडे बघा. एप्रिल-मेमध्ये माथेरानची माती सुकून पिठासारखी उडते, घोड्यांच्या टापांनी उठलेली धूळ झाडांच्या खालच्या पानांवर बसते आणि वाट खरोखरच आजूबाजूच्या सगळ्याहून उजळ असते. पावसाळ्यात तीच माती आणि खालचा जांभा दगड पाणी पितो. ओल्या पृष्ठभागात शिरलेला उजेड आतल्या आत अडकतो, बाहेर कमी येतो, म्हणून पाणी पिणारी कोणतीही गोष्ट भिजली की गडद दिसते. आपला फोटो पावसाळ्याच्या शेवटाचा आहे. माझं मत विचाराल तर लाल थोडा खालीच ठेवा. वाट झुडपाहून जराशी गडद असू द्या आणि तिच्यावर जिथे पाणी साचलंय तिथेच तेवढी चमक येऊ द्या.

एक गंमत करून बघायला हरकत नाही. चॅनल मिक्सरमध्ये लाल शून्य, हिरवा शून्य आणि निळा शंभर करा. माती ५५, पान ५०. दोघंही जवळजवळ काळे, आणि आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं. हे चित्र जरा वेळ असंच राहू द्या, कारण एकोणिसाव्या शतकातल्या कॅमेऱ्याला हा डोंगर साधारण असाच दिसला असता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानवर चढून आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर ओलं कलोडियन पसरून फोटो घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतल्या छायाचित्रकारांत होते. थंड हवेचं ठिकाण म्हणून माथेरान आणि काचेवरची छायाचित्रकला, दोघांचं वय असं सारखंच. त्या काचेला फक्त निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश कळायचा. लालाला ती आंधळी. त्यामुळे माथेरानचं जे पहिलं वैशिष्ट्य, ती लाल माती, तीच तिच्यावर काळी उमटायची. काच ओली असेतोवर फोटो घेऊन तो धुवायचाही असे, म्हणजे काळोखाचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर हव्यात. गाडी नसताना हे सगळं घाटाने वर चढवायचं म्हणजे हमालांच्या खांद्यांची कसोटीच.

बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये काचेवरच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिला इतर रंग दाखवण्याची युक्ती शोधली. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक काच बाजारात यायला १९०६ उजाडलं. इंग्लंडमधल्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने ती विकायला काढली. आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिलेली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. म्हणजे लाल माती बघू शकणारी काच आणि लाल मातीपर्यंत नेणारी गाडी एकापाठोपाठच आल्या. (जुन्या फोटोचा आभास म्हणून पिवळट-तपकिरी रंग आणि ओरखडे चढवून देणारे फिल्टर मोबाइलमध्ये असतात, ते बघून मला हसू येतं. जुनेपण हवंच असेल तर ते निळ्या चॅनलमध्ये आहे.)

तिन्ही चॅनल पुन्हा पूर्वीसारखे करा. आणि आता डोळे मिटा.

पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्य बुडालाय. माणसं परत फिरली आहेत. तुम्ही मुद्दाम मागे राहिलात आणि बाजारपेठेच्या दिशेने एकटे चालताय. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार येत नाही, त्यामुळे समोरून हेडलाइट डोळ्यांवर येण्याची फारशी भीती नाही. डोळ्यांना आपल्या गतीने अंधाराशी जुळवून घेता येतंय. शेवटच्या उन्हात मघाशी पेटल्यासारखी वाटणारी माती आधी विझते. पानं अजून हिरवट-करडी दिसताहेत, पण वाट काळपट होत चाललीय. आणखी थोडं चाललात की लक्षात येतं, दोन्ही बाजूंची झुडपं वाटेपेक्षा उजळ झाली आहेत. दिवसा जे होतं त्याच्या नेमकं उलट.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने याची नोंद केली. संध्याकाळी लाल फुलं आधी काळी पडतात, निळी-हिरवी बराच वेळ टिकून राहतात. कारण आपल्या डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. दिवसा काम करणाऱ्या शंकूपेशींना रंग कळतात. अंधारात जागणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. त्यांना निळसर-हिरवा उजेड सर्वांत जास्त जाणवतो आणि लाल जवळपास जाणवतच नाही. तिन्हीसांजेला डोळा एका संचाकडून दुसऱ्याकडे कारभार सोपवतो. म्हणजे स्लायडर सरकवण्याचं काम आपल्या डोळ्यांत रोज होतं, आपण फक्त त्याकडे कधी लक्ष दिलेलं नसतं. आणि अगदी अंधूक उजेडात आपण सगळेच कृष्णधवल बघतो. डोळे उघडा. समोरचा फोटो संध्याकाळचा असता तर लाल किती खाली न्यायचा, हे आता तुम्हाला कुणी सांगायला नको.

आपला फोटो मात्र सकाळचा आहे आणि त्यात धुकं आहे. इथे जरा जास्त वेळ बसू, कारण माथेरानचे बहुतेक कृष्णधवल फोटो धुक्यापाशीच बिघडतात.

हिस्टोग्राम उघडा. डाव्या टोकाला शून्य म्हणजे निव्वळ काळा, उजव्या टोकाला २५५ म्हणजे निव्वळ पांढरा, आणि मध्ये ज्या छटेचे जितके ठिपके तितकी उंची. धुक्यातल्या फोटोत मधोमध एक टेकडी दिसेल आणि दोन्ही कडा रिकाम्या. सॉफ्टवेअर शिकवणारे पहिला धडा हमखास हा देतात की लेव्हल्समधले दोन्ही बाजूंचे त्रिकोण ओढून टेकडीच्या पायथ्याला आणा, म्हणजे चित्र ‘उठतं’. डिसेंबरच्या स्वच्छ उन्हातल्या फोटोला हा सल्ला ठीक आहे. जुलै-ऑगस्टच्या फोटोला तो मारक आहे. त्या रिकाम्या कडा म्हणजे उणीव आहे असं कुणी ठरवलं?

धुक्यात खरोखर काय होतं, ते टप्प्याटप्प्याने बघू. झाडाकडून तुमच्याकडे येणारा उजेड वाटेत पाण्याच्या बारीक थेंबांना धडकून विखुरतो, म्हणून तो कमी पोहोचतो. पण तेच थेंब आकाशाचा उजेडही तुमच्या दिशेने फेकतात. तो मधल्या मध्ये मिसळतो. पांढऱ्यात पांढरं मिसळलं तर कळत नाही. काळ्यात मिसळलं की लगेच कळतं. म्हणून अंतर वाढेल तसा पहिला बळी काळ्याचा जातो. हाताच्या अंतरावरचं ओलं खोड काळंभोर आहे. त्यामागची झाडांची रांग गडद राखाडी. कड्याची धार मध्यम. प्रबळगड आकाशापेक्षा नुसता सावलीएवढा वेगळा. त्यामागे काही असेल, पण ते दिसत नाही. फोटोत या जागांवर कर्सर फिरवून आकडे वाचा. २५, ८०, १४०, १९०, २०५ अशा तऱ्हेची चढण दिसेल. ही चढण म्हणजेच दरीची खोली आहे. माथेरानच्या त्या सकाळी अंतर सांगायला दुसरं साधनच नव्हतं.

आता लेव्हल्सचे त्रिकोण ताणा आणि काय होतं बघा. प्रबळ पुढे येतो. त्याचे कातळ दिसू लागतात, माथ्यावरची झाडी दिसू लागते, आणि दरी नाहीशी होते. डोंगर वाटेच्या टोकाला आणून ठेवल्यासारखा वाटतो. ‘डीहेज’ नावाचा स्लायडर हेच काम जास्त हुशारीने करतो. थेंबांनी मिसळलेला उजेड किती असेल याचा अंदाज बांधतो आणि तो वजा करतो. पॅनोरमा पॉइंटवरून पेबचा किल्ला नीट ओळखून नकाशाशी ताडायचा असेल तर त्याचा उपयोग आहे, आणि तिथे तो अवश्य करावा. पण धुकं बघायला वर गेलात आणि घरी येऊन तेच पुसलंत, याला काय म्हणावं?

तर ताण सोडा, त्रिकोण परत जागेवर. काळ्या टोकाचा त्रिकोण फक्त इतका आत आणा की जवळच्या खोडातली ढोली खोल वाटावी. फक्त ती ढोली. खोडाची साल नाही. पावसात खरा काळा असतो, पण तो थोडा आणि जवळच असतो. चित्रात जवळचं काहीच नसेल, नुसती दरी आणि ढग असतील, तर काळा नसू द्या. उजव्या टोकालाही तसंच. धुकं २५५ वर नेऊ नका. छापताना २५५ म्हणजे शाईच नाही, नुसता कागद. धुकं २२५-२३५ च्या आसपास राहिलं तर कागदाचा पांढरा समास आणि धुक्याचा पांढरा यांत फरक उरतो, आणि धुक्याला वजन येतं.

फाइल जेपीजी आहे की रॉ, हे इथे महत्त्वाचं ठरतं. जेपीजीत एका रंगाला २५६ पायऱ्या. धुक्याने त्यातल्या शंभरच वापरल्या असतील आणि तुम्ही त्या ताणल्या, तर मध्ये फटी पडतात, हिस्टोग्रामचा कंगवा होतो आणि आकाशात पट्टे उमटतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. त्यांची वाटणीही सारखी नसते. सेन्सर उजेड सरळ मोजतो, म्हणून सर्वांत उजळ स्टॉपच्या (स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट) वाट्याला त्यातल्या निम्म्या पायऱ्या जातात, त्याखालच्याला उरलेल्यातल्या निम्म्या, आणि अगदी तळाच्या सावल्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. धुकं उजळ असतं. ते मोकळ्या हाताने एक्सपोज केलं तर त्याच्या अतिशय बारीक छटा मिळतात. कॅमेऱ्याचा मीटर मात्र समोर काहीही आलं तरी ते मधला करडा धरून मोजतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहिलात तर ऑगस्टमधलं शुभ्र धुकं मळकट येतं. पुढच्या वेळी वर जाल तेव्हा एक स्टॉप जास्त द्या. आत्ताच्या फोटोत कर्व्हज उघडून रेषेचा मधला भाग बोटभर वर उचला, दोन्ही टोकं न हलवता.

मधला करडा म्हणजे नेमका कुठला? आलेल्या उजेडातले शंभरातले अठरा भाग परत करणारा पृष्ठभाग आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटतो, पन्नास भाग परत करणारा नव्हे. डोळा उजेडातला फरक वजाबाकीने नाही, पटीने मोजतो. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर (आडनाव तेच, माणूस वेगळा) यांनी १९४० च्या सुमारास यावर झोनची पद्धत बांधली. शून्य ते दहा असे अकरा टप्पे, आणि पाचवा म्हणजे हा अठरा टक्क्यांचा. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते, त्यामुळे छटांची अशी सप्तकासारखी मांडणी त्यांना सुचली यात नवल नाही.

हे टप्पे पाठ करू नका, त्यांवरून उतरा. नेरळची गाडी वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते, त्या चालीने. दहा म्हणजे कोरा कागद, तिथे काही नाही. नऊवर पानाच्या टोकाला लटकलेला थेंब. आठवर धुकं. इथे थांबा. धुक्यात वरखाली काही हालचाल दिसते का? दिसत असेल तर आठ जिवंत आहे. सात-सहा झटकन ओलांडा, आपल्या फोटोत तिथे फारसं काही नाही. पाचवर कड्यावरचं गवत. चारवर पानांची सावलीतली बाजू. तीनवर खोडाची साल. इथे पुन्हा थांबा, कारण गडद असूनही ज्याचा पोत हाताला लागेल असा शेवटचा टप्पा हा. सालीवरचं शेवाळ आणि सालीची भेग वेगळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तेवढ्या जागेपुरता कर्व्हचा तळ किंचित उचला. दोन, एक, शून्य म्हणजे ढोली. तिथे बघायला काही नाही आणि नसावं.

एवढं झाल्यावर हात ब्रशकडे जातो. डार्करूममध्ये तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती एन्लार्जरखाली हलवत एखादी जागा उजळ ठेवायचे, त्याला डॉज म्हणत. हाताच्या ओंजळीतून उजेड सोडून एखादी जागा गडद करायचे, ते बर्न. सॉफ्टवेअरने नावंही तीच ठेवली. ब्रशची तीव्रता पाच टक्क्यांवर ठेवा आणि वाटेकडे बघा. ती थोडी उजळ हवी वाटतेय ना? तिला हात लावण्याआधी तिच्या शेजारचं झुडूप किंचित गडद करून बघा. वाट आपोआप उजळेल, तिचा आकडा एकानेही न बदलता. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ च्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं आहे. छटा शेजाऱ्यावरून ठरते. विणकामातला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार यायची, आणि दोष निघायचा शेजारच्या निळ्या धाग्याचा. म्हणून एका जागेवर घोटत बसू नका. फोटो आडवा उलटा करा, नखाएवढा लहान करून बघा, उद्या बघा. ब्रश फिरल्याचं कळलं की तो जास्त झाला, एवढी खूण मला पुरते.

माथेरानच्या फोल्डरमध्ये वाट, झाड आणि धुक्याखेरीज आणखी एक फोटो असतोच, माणसाचा. घोडेवाला, डोक्यावर पर्यटकांच्या बॅगा घेऊन निघालेला हमाल, हातरिक्षा ओढणारा. तो फोटो शेवटी उघडा आणि आत्तापर्यंत केलेली लाल-नारिंगीची सेटिंग त्यावर कॉपी करू नका. आपल्या लोकांच्या सावळ्या कातडीचा रंग नारिंगी आणि लालातच येतो, म्हणजे माथेरानच्या मातीच्याच घरात. उन्हाळ्यातली वाट उजळायला तो स्लायडर वर नेलात की वाटेवरचा माणूसही गोरा होतो. त्याच्या कपाळावरचा घाम, गालावरची रापलेली कड, गळ्याजवळची सावली, सगळं एका फिक्या पट्ट्यात जातं. मोबाइल हे न विचारता करतो. जुने स्टुडिओवाले गिऱ्हाइकाच्या आग्रहाने करायचे. कोडॅक कंपनीची रंग जुळवण्याची ‘शर्ली’ कार्डं कित्येक वर्षं गोऱ्या बायकांच्या चेहऱ्यांचीच होती. अॅडम्स यांनी उन्हातल्या गोऱ्या कातडीला सहावा झोन दिला, तो आकडा आपण घोकायचं कारण नाही. रापलेला चेहरा चारवर ठेवा, हवं तर साडेचारवर. घामाची चमक सातवर जाऊ द्या. गडद कातडीचं सौंदर्य याच उडीत आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले आहेत, ते शोधून बघा. तिथे अंधार आणि माणूस एकाच काळ्यात आहेत, तरी माणूस हरवत नाही.

माणसाभोवती मास्क ओढा, मातीचा करडा वेगळा ठेवा आणि माणसाचा वेगळा. थोडं जिकिरीचं काम आहे, करा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं थांबतंय, हे चांगलंच झालं. पण तुमच्याकडे जर रिक्षा ओढणाऱ्या कुणाचा फोटो असेल, तर तो आता फिरून मिळणार नाही. म्हणून रॉ फाइल डिलीट करू नका, आणि फोटो स्क्रीनवर ठेवून विसरू नका. प्रिंट काढा. मॅट कागदावर काळा थोडा फिका उतरतो, त्यामुळे आधी एक लहान तुकडा छापून बघा. दोन प्रती काढा, मागे पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहा, आणि पुढच्या खेपेला दस्तुरी नाक्यावर उतराल तेव्हा चौकशी करून त्यातली एक ज्याचा चेहरा आहे त्याच्या हातात द्या.